हेडफोन मुळात कोणासाठी जन्माला आला?

मागच्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक जुने ओळखीचे कुटुंब आले. मुलगा, सून आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा. बीपी पाहिला, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता मुलाने विचारले, "डॉक्टर, टीव्हीला लावायला स्वस्तातला एखादा वायरलेस हेडफोन सांगा ना. पोरगी नीटची तयारी करतेय आणि दादांचा टीव्ही इतका मोठा असतो की अख्ख्या गल्लीला बातम्या ऐकू जातात."

मी आजोबांकडे वळून जरा मोठ्याने विचारले, "मामा, ऐकायला कमी येतं का?"

ते म्हणाले, "आवाज येतंय की डॉक्टरसाहेब. पर काय बोलालेत ते समजंना."

वाचकहो, या एका वाक्यात निदान जवळजवळ पूर्ण आहे. ते कसे, हे पुढे सांगतो. कोणता हेडफोन घ्यावा, हेही सांगतो. पण आधी थोडा इतिहास सांगू द्या. हेडफोन ही तरुणांची, गाणी ऐकण्याची वस्तू आहे असे आपण धरून चालतो. तिचा इतिहास वेगळेच सांगतो आणि तो माहीत असला की खरेदीही शहाणपणाने होते.

सुरुवात कमी ऐकू येण्यापासून

टेलिफोनचा शोध १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी लावला, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट अशी की बेल हे मूकबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि पत्नी लहानपणीच्या आजारामुळे पूर्ण बहिरी होती. आवाज विजेच्या तारेतून नेण्याचा विचार अशा घरातल्या माणसाला सुचला. आज आपण आवाज ज्या 'डेसिबल'मध्ये मोजतो, त्यातला 'बेल' म्हणजे हेच गृहस्थ.

कानावर बसणारा चांगला हेडफोन बनवला अमेरिकेतल्या नथानिएल बाल्डविन यांनी, १९१० च्या सुमारास, आपल्या स्वयंपाकघरात. सॉल्ट लेक सिटीच्या मोठ्या प्रार्थनागृहात त्यांना प्रवचन नीट ऐकू येत नसे, म्हणून ते या उद्योगाला लागले असे सांगतात. सप्ताहाच्या मंडपात अगदी मागे बसलेल्या माणसाची अडचण आठवा, तशीच ही. पुढे अमेरिकन नौदलाने ते हेडफोन विकत घेतले, कारण बिनतारी संदेशाचा क्षीण आवाज त्यात स्पष्ट ऐकू येई.

म्हणजे हेडफोनचे पहिले काम क्षीण आवाज कानापर्यंत पोहोचवणे हे होते. आवाज मोठा करून ऐकणे ही नंतरची सवय.

एकट्याचा रेडिओ, मग गावाचा रेडिओ

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या काळात स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरींच्या तुटपुंज्या ताकदीवर तो चाले. एवढ्याशा ताकदीने स्पीकर वाजत नाही, म्हणून हेडफोन लावण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ आले, त्यांना स्पीकर आले आणि ऐकणे एकट्याचे न राहता दहा जणांचे झाले.

आपला नांदेड-लातूरचा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. मुंबईच्या आधी आपल्याला हैदराबाद जवळ. निझामाच्या राज्याचे स्वतःचे रेडिओ केंद्र १९३५ पासून होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाने शस्त्रसंधीची घोषणा केली ती याच रेडिओवरून. आज तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. उदगीरकडच्या त्यांच्या गावात एकच रेडिओ होता, एका व्यापाऱ्याच्या वाड्यात. अण्णा सांगायचे, "ओसरीवर इतकी गर्दी की मला एक शब्द कळला नाही. पण मोठ्या माणसांचे चेहरे बघून कळलं की काहीतरी सुटलं." ही गोष्ट मी लहानपणी किती वेळा ऐकली असेल! तिचा खरा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

पुढे १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिककडच्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन झाली. लोकांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि संपल्यावर त्यावर चर्चा करायची. मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता, तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला. या प्रयोगाचे यश पाहून पुढे देशभर अशी मंडळे निघाली. ऐकणे म्हणजे केवळ कानात आवाज पडणे नव्हे, ऐकून चारचौघांत बोलणे, हे त्या प्रयोगाने दाखवले. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्वाचा आहे.

ट्रान्झिस्टर आधी कोणाच्या कानाला लागला?

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा. आपल्याला ट्रान्झिस्टर म्हटले की खांद्याला अडकवलेला, बैलगाडीच्या दांडीला टांगलेला रेडिओ आठवतो. पण सामान्य माणसाला विकत मिळालेली ट्रान्झिस्टरची पहिली वस्तू रेडिओ नव्हती, तर श्रवणयंत्र होते. ते आले १९५२ च्या अखेरीस. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर, १९५४ साली. शोध ज्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला, तिने श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून त्याचे हक्कशुल्क घेतले नाही. बेल यांच्या बहिऱ्यांसाठी केलेल्या कामाची ती आठवण होती.

बेल, बाल्डविन, ट्रान्झिस्टर. तीनही वेळा आधी कमी ऐकू येणाऱ्याची गरज आणि मग इतरांची सोय.

हे चित्र बदलले १ जुलै १९७९ रोजी. जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. गंमत म्हणजे पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन पिना लावायची सोय होती, कारण माणूस एकटाच गाणी ऐकत बसेल ही कल्पना कंपनीलाही बरी वाटत नव्हती. लोकांना मात्र एकट्यानेच ऐकायचे होते.

आपल्याकडे तेव्हा उलटे चालू होते. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, पण मराठवाड्यातल्या घराघरांत टीव्ही पोहोचला तो ऐंशीच्या दशकात. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी एकेका टीव्हीपुढे चाळीस-पन्नास माणसे बसत. दारातल्या माणसालाही ऐकू जावे म्हणून आवाज पूर्ण सोडलेला असे. टीव्ही मोठ्याने लावायची आपली सवय त्या दिवसांचीही असावी. आता समोर एकच माणूस असतो, आवाज मात्र पन्नास जणांचा.

वायर गेली ती ब्लूटूथमुळे. १९९४ पासून स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत त्यावर काम सुरू होते. नाव दिले दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ या राजाचे. आता हेच तंत्र हजार-दीड हजार रुपयांच्या हेडफोनमध्ये मिळते. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅपलच्या एका इअरफोनला सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेल्या प्रौढांसाठी श्रवणयंत्र म्हणून वापरायला परवानगी दिली. म्हणजे हेडफोन फिरून पुन्हा जिथून निघाला तिथे आला.

माझी चूक

आता एक कबुली देतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अण्णांच्या टीव्हीचा आवाज वाढत गेला. घरात कुरबुर होऊ लागली. मी एमडी डॉक्टर. मी काय केले? पुण्याहून येताना टीव्हीचा चांगला वायरलेस हेडफोन घेऊन आलो. अण्णांनी चार दिवस लावला आणि खोक्यात ठेवून दिला. "छान आहे रे, पण डोकं जड होतं," म्हणाले. मला वाटले, म्हाताऱ्या माणसाला नवीन वस्तू नको असते.

त्यानंतर अण्णा हळूहळू गप्प झाले. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसत. देवळात जाणे बंद झाले. आम्ही म्हणायचो, वयामुळे अबोल झालेत. दोन वर्षांनी घरच्या एका कार्यक्रमात माझा कान-नाक-घसातज्ज्ञ मित्र त्यांच्याशी पाच मिनिटे बोलला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, यांची ऑडिओमेट्री कधी केलीस?"

कधीच केली नव्हती. दोन्ही कानांना चांगलाच बहिरेपणा निघाला. श्रवणयंत्र लावल्यावर त्यांची पहिली तक्रार होती, "पंख्याचा एवढा आवाज होतो?" ऐन मे महिन्यात त्यांनी पंखा बंद करायला लावला. सरावायला तीन महिने गेले. मग ते पुन्हा बोलायला लागले, नातवाला ओसरीवरच्या गर्दीची ती गोष्ट सांगायला लागले. तेव्हा मला उमगले की ही दोन वर्षे अण्णा घरात तसेच बसले होते. एक शब्द कळत नाही आणि चेहरे बघून अंदाज करायचा.

ती दोन वर्षे वयाने नाही घेतली. मी तपासणीऐवजी हेडफोन आणला, त्याने घेतली.

"आवाज येतो, पण शब्द कळत नाही" म्हणजे काय?

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाजाच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करून मेंदूकडे पाठवतात. वय वाढले, किंवा वर्षानुवर्षे गोंगाटात काम केले, की या पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक, तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशी.

भाषेत आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजाचे असतात. ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, च यांसारखी व्यंजने बारीक आवाजाची. ती आधी जातात. मग 'सात' आणि 'हात' सारखेच वाटतात. आवाज येतो, पण शब्द निसटतो. टीव्ही मालिकेत बोलण्यामागे सतत संगीत असते, त्यात तर आणखीच निसटतो. म्हणून माणूस आवाज वाढवतो. पण त्याने स्वरच आणखी मोठे होतात आणि डोके दुखते. अण्णांचे "डोकं जड होतं" हे तेच होते.

हे दुर्लक्षित राहिले की माणूस एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये लॅन्सेट आयोगाने २०१७ पासून बहिरेपणाचा समावेश केला आहे.

म्हणून हेडफोन घेण्याआधी हे करा

१. कान तपासून घ्या. कित्येकदा नुसता मळ निघतो आणि आवाज परत येतो. घरी काडी, पिन, गरम तेल नको.

२. तुमच्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगाची काही इंजेक्शने आणि काही अँटिबायोटिक्स कानाला इजा करू शकतात.

३. ऑडिओमेट्री करा. दुखत नाही, अर्धा तास लागतो.

४. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडे जा. उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो.

५. मधुमेह असून कान दुखत किंवा वाहत असेल, तर कानात काहीही घालू नका. आधी दाखवा.

श्रवणयंत्राची गरज निघाली आणि पैशाची अडचण असली, तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. सध्याच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारा.

आता हेडफोन कसा निवडायचा

तपासणी झाली, किंवा कान चांगलेच आहेत, मग खुशाल घ्या. महागडा लागत नाही. एवढे पाहा.

टीव्हीत ब्लूटूथ आहे का? सेटिंगमध्ये दिसेल. नसेल तर टीव्हीच्या हेडफोन पिनेला किंवा ऑप्टिकल पिनेला लावायचा छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. तुमच्या टीव्हीला मागे कोणती पिन आहे त्याचा फोटो काढून दुकानात न्या.

आवाज मागे पडतो का? साध्या ब्लूटूथमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द क्षणभर मागून येतो. तरुण माणूस चालवून घेतो. पण ज्याला कमी ऐकू येते तो नकळत ओठ वाचत असतो. त्याचा आधारच जातो. म्हणून दुकानातच बातम्या लावून पाहा. टीव्हीजवळ ठेवायच्या स्टँडसह येणारे रेडिओ लहरींवरचे हेडफोन यात सहसा सरस ठरतात.

स्पीकर बंद होतो का? बऱ्याच टीव्हींमध्ये ब्लूटूथ जोडला की स्पीकर गप्प होतो. मग आजोबांना ऐकू येते आणि आजीला नाही. दोन्ही एकत्र चालतात का, आणि दोघांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात का, ते विचारा.

कानावर की कानात? वयस्करांसाठी कानाभोवती बसणारा, मऊ गादीचा, हलका हेडफोन बरा. बटणे मोठी हवीत. कानात खोल जाणाऱ्या इअरफोनमुळे मळ आत ढकलला जातो आणि पावसाळ्यात दमट कानात बुरशी होते. इअरफोन वापरलात तर पुसून ठेवा, एकमेकांचे वापरू नका.

पेसमेकर आहे? हेडफोन, इअरफोनची डबी यांत चुंबक असते. ते छातीपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर दूर ठेवा. शर्टच्या खिशात ठेवू नका, गळ्यातही अडकवू नका.

बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय घ्यावी का? कूलर, पंखा, एसटी यांच्या घरघरीत तिचा उपयोग होतो, कारण आवाज वाढवावा लागत नाही. पण रस्त्यावर चालताना किंवा गाडीवर ती नकोच, आणि तिथे हेडफोनही नको.

आणि नातीसाठी

लातूर-नांदेडच्या क्लासेसमधली मुले दिवसातून पाच-सहा तास इअरफोनवर लेक्चर ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी आहे: प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढालाही ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास. सोपा नियम असा: आवाज मधल्या रेघेच्या फार वर नको, तासाने दहा मिनिटे कान मोकळे ठेवा आणि हात-दोन हातांवरच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना, तर आवाज जास्त आहे असे समजा. त्यात लग्नाच्या डीजेची भर पडते, ती वेगळीच.

आजोबांचे पुढे काय झाले? एका कानात मळ होता, तो काढला. मग ऑडिओमेट्रीत कळले की दोन्ही कानांची बारीक आवाज टिपण्याची ताकद गेली आहे. तीस वर्षे गिरणीत साच्यावर काढलेली, ते साहजिक होते. आता श्रवणयंत्र लागले आहे. रात्री बातम्यांना ते काढून हेडफोन लावतात, तेराशे रुपयांचा. परवा येऊन गेले. खुर्चीत बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जरा हळू बोला. वरडू नका."

तुमच्या घरात कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर रागावू नका आणि लगेच बाजारातही जाऊ नका. जवळ बसा, त्यांच्या तोंडासमोर बसून हळू बोला आणि विचारा, "आवाज येत नाही, की शब्द कळत नाही?" उत्तर ऐकून मग ठरवा.